शालेय बसची हद्द आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय वाहतुकीचे नियम करणारे अधिकारी, बसमार्ग आखणाऱ्या समित्या आणि शाळांची व्यवस्थापने यांस,

विषय : बससेवेसाठी ठरवलेले अंतर आणि मुलांचे प्रत्यक्ष चालणे यांबाबत.

सविनय नमस्कार.

मी अनेक वर्षे शाळेत शिकवले आणि त्यांतली काही वर्षे शाळेच्या वाहतूक समितीत काम केले. त्यामुळे या पत्रातली तक्रार जितकी आपल्याविषयी आहे, तितकीच माझ्याविषयीही आहे. समितीच्या खोलीत परिसराचा नकाशा लावलेला होता. शाळेच्या जागी कंपासचे टोक रोवून आम्ही वर्तुळ काढत असू आणि दर वर्षी त्याच ठिकाणी टोक रोवल्यामुळे तिथे कागदाला चांगले भोक पडले होते. वर्तुळाबाहेरच्या मुलांची नावे बसच्या यादीत जात, आतल्यांची जात नसत. तासाभरात काम उरकत असे. त्या तासात आपण कुणावर अन्याय करतो आहोत, असे आमच्यापैकी कुणालाही कधी वाटले नाही, कारण नियम सर्वांना सारखा होता आणि सारखा नियम म्हणजे न्याय, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत मोडली दुसरीतल्या एका मुलामुळे. आमची हद्द दोन किलोमीटरची होती आणि त्याचे घर नकाशावर 1.6 किलोमीटरवर येत होते. त्याच्या आजीने तीन वेळा लेखी विनंती केली आणि तीनही वेळा आम्ही ‘अंतर हद्दीत असल्याने विचार करता येत नाही’ असे उत्तर पाठवले. तिसरे उत्तर माझ्या सहीचे होते. पुढे एका सकाळी, काहीशी स्वतःचीच शंका फेडून घ्यावी म्हणून, मी त्याच्या घरापासून शाळेपर्यंत त्याच्यासोबत चालत आले. आमची नकाशावरची सरळ रेघ मध्येच रेल्वेचे रूळ ओलांडत होती आणि तिथे पूल नव्हता. वळसा घालून झालेले अंतर भरले 2.2 किलोमीटर. वेळ लागला 46 मिनिटे. अर्ध्या वाटेवर पदपथ संपला, तिथे तो न सांगता रस्त्याच्या उजव्या अंगाला गेला आणि एकामागे एक चालायची खूण त्याने मला केली. मोठ्या रस्त्यापाशी तो थांबला. एक ट्रक गेला, रस्ता रिकामा दिसला, मी पाऊल उचलले, तर त्याने माझा हात मागे ओढला. ‘मोठ्या गाडीच्या मागे छोटी लपलेली असते,’ असे तो म्हणाला. सात वर्षांच्या मुलाने स्वतःपुरता केलेला तो नियम होता आणि आमच्या समितीने केलेल्या कोणत्याही नियमापेक्षा तो अधिक विचारपूर्वक केलेला होता. थोड्याच वेळात आमचीच शालेय बस आम्हाला मागे टाकून गेली. खिडकीतून त्याच्या वर्गातल्या मुलांनी हात हलवले, त्यानेही हलवला. मी आसने मोजली. अकरा रिकामी होती.

तो दिवस मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट मोजण्याची. ‘शाळेपासूनचे अंतर’ हा शब्दप्रयोग आपण एकाच अर्थाचा असल्यासारखा वापरतो, पण त्यात निदान चार वेगवेगळी अंतरे लपलेली असतात. नकाशावरची सरळ रेघ हे एक, वाहनाच्या रस्त्याचे अंतर दुसरे, पायवाटेने जवळात जवळ पडणारे तिसरे आणि एखादे सुजाण पालक आपल्या मुलाला ज्या वाटेने एकटे पाठवील त्या वाटेचे अंतर चौथे. नियमात यांपैकी कोणते धरायचे हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर प्रत्यक्षात तेच धरले जाते जे सर्वांत कमी भरते. मोजणी घराच्या दारापासून करायची की वस्तीच्या मध्यबिंदूपासून आणि शाळेच्या बंद असलेल्या मागच्या फाटकापर्यंत करायची की मुले जिथून आत जातात त्या फाटकापर्यंत, एवढ्या तपशिलावरसुद्धा शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो आणि हद्दीवरच्या घरांसाठी तेवढा फरक वर्षभराचा असतो.

ही हद्द मुळात आली कुठून, हे पाहणे मला उपयोगाचे वाटले. इंग्लंडमध्ये 1870 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात तीन मैलांचा उल्लेख आहे, पण तो मुलाने किती चालावे हे सांगण्यासाठी आलेला नाही. मूल शाळेत आले नाही म्हणून पालकांवर कारवाई करताना, शाळा ठरवून दिलेल्या (जास्तीत जास्त तीन मैलांच्या) अंतरापेक्षा दूर आहे ही सबब ग्राह्य धरावी, अशी ती तरतूद होती. 1944 च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांसाठी दोन मैल आणि त्यापुढच्यांसाठी तीन मैल असे ठरवले; हेच आकडे तिथे मोफत वाहतुकीसाठी आजही चालू आहेत. म्हणजे कोर्टात पालकांचा बचाव म्हणून आलेला आकडा हळूहळू मुलाच्या पायांची क्षमता म्हणून वापरात आला. इतरत्र पाहावे तर प्रत्येकाचा आकडा निराळा. जपानमध्ये प्राथमिक शाळेसाठी साधारण 4 किलोमीटर आणि माध्यमिकच्या पहिल्या टप्प्यासाठी 6 किलोमीटर ही मर्यादा मानतात. न्यूयॉर्क शहरात शालेय बससाठी लहान इयत्तांना अर्धा मैल आणि तिसरी ते सहावीला एक मैल पुरे धरला जातो. भारतात शिक्षणहक्क कायद्याखालच्या 2010 च्या केंद्रीय नियमांनी पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवी 3 किलोमीटर या अंतरात शाळा असावी असे म्हटले. मुलांचे पाय देशागणिक इतके बदलत नाहीत. बदलते ती सरकारांची ऐपत, वस्त्यांची ठेवण आणि तडजोड कुठे करायची याविषयीची मते. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ असे सांगताना आपण एखादा निसर्गनियम सांगतो आहोत असा आव निदान आणू नये.

भारताच्या त्याच नियमांत पुढे एक वाक्य आहे, ते मात्र फारसे कुणी वाचून दाखवत नाही. दुर्गम भूभाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना असलेला धोका, अशा ठिकाणी ही अंतरे कमी करून शाळेची जागा ठरवावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अपंगत्वामुळे शाळेत पोहोचू न शकणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था करण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते की किलोमीटर ही सुरुवातीची खूण आहे आणि त्यानंतर प्रत्यक्ष वाट तपासायची आहे. आपण पहिले वाक्य तेवढे उचलले, कारण ते आकड्यात होते.

त्याच कायद्याच्या परिशिष्टातले आकडे घेऊन एक हिशेब मी करून पाहिला. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवलेले आहे. तीन किलोमीटरवरचे मूल जाऊन येऊन रोज सहा किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला 1320 किलोमीटर. दप्तर पाठीवर घेऊन ताशी चार किलोमीटरचा वेग धरला (जो सपाट, कोरड्या रस्त्यावरच जमतो), तरी रोजचा दीड तास होतो आणि वर्षाचे 330 तास. वर्गात शिकण्याच्या दर तीन तासांमागे एक तास रस्त्यावर. शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे हे 330 तास अभ्यासाला, खेळायला, झोपायला शिल्लक असतात. परीक्षेत मात्र दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि प्रगतिपुस्तकात चाललेल्या किलोमीटरांचा रकाना नसतो.

अंतराचा शिक्षणावर काय परिणाम होतो, हे आता अंदाजावर सोडायची गरज उरलेली नाही. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात काही गावांना गावातच शाळा देऊन जो अभ्यास झाला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शाळा एक मैल दूर गेली की पटनोंदणी सुमारे 16 टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभर मुलांमागे सुमारे सोळाने, घटते असे आढळले. शिवाय मुलींच्या बाबतीत हा फटका मुलांपेक्षा मोठा होता. बिहारमध्ये 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यात आल्या. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक प्रवेशात 32 टक्क्यांची वाढ आणि मुलामुलींमधल्या तफावतीत 40 टक्क्यांची घट दिसली, आणि ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून दूर होती तिथे परिणाम अधिक होता. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच, शुल्कही तेच असताना केवळ वाट आटोक्यात आली म्हणून इतक्या मुली वर्गात आल्या. शाळा सोडलेल्या मुलीच्या दाखल्यावर आम्ही ‘घरगुती कारण’ असे लिहीत असू. त्यांतली किती कारणे खरे तर रस्त्यावरची होती, याचा विचार मी आज करते.

आता त्या वाक्याकडे येते, जे मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत अन्यायकारक वाक्य वाटते : ‘सोबत मोठे माणूस असल्यास मार्ग सुरक्षित आहे.’ 1986 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हा तेच तिथले शेवटचे न्यायालय होते) एका बारा वर्षांच्या मुलीचे प्रकरण गेले होते. तिची जवळची वाट तीन मैलांपेक्षा जेमतेम कमी भरत होती, पण ती निर्जन आणि दिवे नसलेल्या भागातून जात होती. एकट्या मुलीने त्या वाटेने जाणे धोक्याचे आहे याविषयी फारसा वाद नव्हता. तरीही निर्णय असा झाला की गरजेप्रमाणे सोबत घेऊन मूल पुरेशा सुरक्षितपणे जाऊ शकत असेल, तर ती वाट उपलब्ध मानायची. कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावणे हे न्यायाधीशांचे काम आणि त्यांनी ते केले. परंतु धोरण करणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा : हे मोठे माणूस कोण? सकाळी मुलाला सोडून परत यायचे, दुपारी पुन्हा आणायला जायचे, म्हणजे त्या माणसाची चालण्याची रपेट मुलाच्या दुप्पट होते. तीन किलोमीटरच्या वाटेवर रोज बारा किलोमीटर आणि तीन तास. हे ज्याला जमते, तो एक तर नोकरी करत नसला पाहिजे, किंवा त्याच्याकडे वाहन असले पाहिजे, आणि वाहन असेल तर त्याला आपल्या बसची गरजच नाही. बहुतेक घरांत हे माणूस म्हणजे आई असते आणि तिने सोडलेली अर्धवेळ नोकरी कोणत्याही समितीच्या जमाखर्चात दिसत नाही. बसचा खर्च आपण वाचवत नाही. तो त्या घराच्या खात्यावर टाकतो आणि आपल्या खात्यातून तो दिसेनासा झाला म्हणून समाधान मानतो.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. समितीत बसलेल्या माणसाला इंधन, चालक, मदतनीस, विमा आणि दुरुस्ती यांचे आकडे पाठ असतात. प्रत्येक दारात बस आणा, अशी माझी मागणी नाही. चालणे मुलांच्या प्रकृतीला चांगले, हेही मान्य आहे, जरी हा युक्तिवाद मी बहुधा स्वतःच्या मुलांना गाडीने सोडणाऱ्यांकडूनच ऐकला आहे. जिथे सलग पदपथ आहे, ओलांडायच्या जागी शाळेच्या वेळेला माणूस उभा आहे आणि अंतर वयाला झेपणारे आहे, तिथे मुलांनी जरूर चालावे. किंबहुना काही मार्गांवर बसच्या एका फेरीपेक्षा रस्ता ओलांडण्यासाठी नेमलेला एक माणूस स्वस्त पडेल आणि अधिक मुलांच्या कामी येईल. काही देशांत मोठ्या माणसांसोबत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थांब्यांवरून मुलांना गोळा करत चालत नेणारी ‘चालती बस’ असते. तिला इंधन लागत नाही, पण तिचे वेळापत्रक बसइतकेच काटेकोर पाळावे लागते आणि त्या माणसांना मोबदला द्यावा लागतो, नाहीतर ते ओझे पुन्हा त्याच आयांवर जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की बस द्यायची नसेल, तर वाट द्या. दोन्ही नाकारून मधल्या जागेत मुलाला उभे करू नका.

रिकाम्या आसनांविषयी तर खर्चाचे कारणही चालत नाही. बस त्या रस्त्याने जातेच आहे. हद्दीच्या आतल्या एका मुलाला घेतले की उद्या सगळेच मागतील, ही भीती मी समितीत स्वतः बोलून दाखवली होती. त्यावरचा उपाय मात्र सोपा होता आणि तो आम्हाला कधी सुचला नाही : रिकाम्या आसनांसाठी क्रम ठरवून तो लेखी लावायचा. वय लहान असणाऱ्याला आधी, धोक्याच्या वाटेवरच्याला आधी, ज्याच्या घरी सोबत करणारे कुणी नाही त्याला आधी आणि हे सगळे सारखे असेल तर ज्याचे अंतर जास्त त्याला. आसन पुढच्या सत्रात पूर्ण पात्र मुलासाठी लागले तर सोडावे लागेल, हे पालकांना आधीच सांगायचे. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतील आठ ते दहा वर्षांच्या मुलांना 2006 च्या कायद्याने तीनऐवजी दोन मैलांची हद्द लावली, म्हणजे घरची परिस्थिती हा अंतराच्या हिशेबातला घटक होऊ शकतो, हे कायद्यातच आलेले आहे. क्रम लिहून लावला की ओळखीने आसन मिळवण्याची सोयही बंद होते, आणि ती सोय असते, हे आपण सर्व जाणतो.

बसमध्ये बसलेल्या मुलांतही समता नसते, हे थोडक्यात सांगते. सकाळी सर्वांत आधी चढणारे मूल बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सर्वांत शेवटी उतरते, कारण बस आलेल्या वाटेनेच उलटी जाते. मार्ग वळसेदार असेल तर परतीची फेरी त्याच दिशेने फिरवावी, म्हणजे आधी चढलेला आधी उतरतो. पैसा एक लागत नाही. थांबा ठरवताना घरापासून थांब्यापर्यंतची वाटही मोजावी. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्यांची थांब्यापर्यंतची पायपीट त्यांच्या शेजारच्या, बस न मिळालेल्या मुलीच्या शाळेपर्यंतच्या पायपिटीएवढी होती. आणि एकच बस दोन-तीन शाळांच्या फेऱ्या करते तेव्हा सर्वांत लवकरची घंटा कुणाच्या वाट्याला येते, याकडेही पाहावे. बोस्टन शहरात 2017 मध्ये संगणकाच्या मदतीने शाळांच्या वेळा नव्याने आखल्या गेल्या; आखणीत वाहतुकीचा खर्च वाचत होता, पण पालकांच्या विरोधामुळे त्या वेळा मागे घ्याव्या लागल्या. संगणकाने त्याला दिलेले गणित नीट सोडवले असेल, परंतु सकाळी सातच्या आधी दुसरीतल्या मुलाला तयार करून घराबाहेर काढणे म्हणजे काय, हे त्या गणितात घालायला कुणीतरी हवे होते.

शेवटचा मुद्दा अर्जांचा. ज्या वस्तीतून तक्रार येते तिथला मार्ग बदलतो, हा माझा समितीतला अनुभव आहे. तक्रार लिहायला वेळ लागतो, भाषा लागते, कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा याची माहिती लागते आणि नकार आल्यावर पुन्हा जाण्याचा धीर लागतो. ज्या आजीने तीन अर्ज दिले, तिच्यासारख्या फार थोड्या असतात. म्हणून वाट धोकादायक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर न टाकता, वाट सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी समितीने घ्यावी. हद्दीच्या आत, पण हद्दीपासून अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक मुलाची वाट वर्षातून एकदा, शाळेच्या वेळेला आणि शक्यतो पावसाळ्यात, समितीतल्या कुणीतरी स्वतः चालून पाहावी, लागलेला वेळ आणि दिसलेले धोके लिहावेत आणि ती नोंद पालकांना पाहायला ठेवावी. नकार द्यायचा झाला, तर त्यात किलोमीटरच्या आकड्यासोबत त्या वाटेवर चालून आलेल्या माणसाचे नाव आणि तारीख असावी.

आमच्या त्या दुसरीतल्या मुलाला पुढच्या सोमवारपासून बस मिळाली. मी नोंद केली, सही केली, मुख्याध्यापकांनी मान्यता दिली. दहा मिनिटांचे काम होते. त्याच फाइलमध्ये त्याच्या खाली आणखी सतरा अर्ज होते, ‘अंतर हद्दीत’ असा शेरा मारलेले. त्या वाटा चालून पाहण्याआधी माझी समितीतली मुदत संपली आणि नंतर त्या कुणी चालून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्याही दप्तरी असे अर्ज असतील. त्यांतला सर्वांत वरचा काढून त्या वाटेने चालायला आपण कधी निघणार आहात, तेवढी तारीख कळवावी. सोबत हवी असल्यास मी येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका